मर्व्हने भरलेली बॅग

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर मर्व्ह टोबिनने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: नदीत कधी उतरता येईल? डॉक्टर म्हणाले, नाताळच्या आधी विषयसुद्धा काढू नका. मर्व्ह घरी आला, सोफ्यावर पाय लांब करून बसला आणि त्याने सगळ्या जगाशी अबोला धरला. ऑक्टोबरात ट्राउट मासे पकडायचा हंगाम सुरू झाला, रीफ्टनच्या रस्त्यावरून गाड्यांच्या टपावर लांब काठ्या बांधलेले लोक जाऊ लागले, आणि मर्व्हने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

नोव्हेंबरात राविरी मेसन आला. राविरी म्हणजे दोन घरं पलीकडचा शेजारी, अंगाने आडवा आणि बोलायला सावकाश. तो आणि मर्व्ह दर वर्षी याच सुमारास हॅनरहान नदीवर, पार वरच्या अंगाला, गाडी सोडून चालत जायचे. या वर्षी एकट्याने जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. इल्माने पुढे ठेवलेली व्हाइटबेट या बारक्या माशांची धिरडी एकामागून एक संपवत तो बराच वेळ हवापाण्याचं बोलला, आणि मग मर्व्हकडे न बघता इल्माला म्हणाला, "मग तूच चल की."

इल्मा मर्व्हची बायको. शाळेची बस चालवण्यात तिची उमर गेली होती. निवृत्त झाल्यावर तिने मर्व्हची जुनी काठी उचलली आणि रग्बीच्या मैदानावर जाऊन गळाची दोरी फेकायचा सराव सुरू केला. सुरुवातीला मर्व्ह कौतुकाने बघायचा, हात चांगला आहे म्हणायचा. पुढे तिची दोरी त्याच्या दोरीपेक्षा लांब पडायला लागली, तेव्हा त्याने मैदानावर येणं बंद केलं. थंडी बाधते म्हणाला.

राविरीचं बोलणं ऐकून इल्माने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा फणफणणार अशी तिची खात्री होती. पण मर्व्ह मधाळ हसला. जा की, म्हणाला, अवश्य जा, माझ्यासाठी कशाला घरात कोंडून घेतेस. आणि मग म्हणाला, "तुझी बॅग मी भरून देतो."

इल्माच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. ज्या माणसाने ऑपरेशनला जाताना स्वतःचा दाढीचा ब्रशही बायकोकडून भरून घेतला होता, तो आता तिची बॅग भरणार होता.

पण भरायला बसला तेव्हा तिला कबूल करावं लागलं, की बघत राहावं असं काम होतं. ती राखाडी स्लिंग बॅग त्याने मागच्या हिवाळ्यात घेतली होती. एका खांद्यावर अडकवायची, पाठीवर टाकायची, आणि काही लागलं की पट्टा ओढून पोटाशी आणायची. आधी तो खिसेच खिसे असलेलं जाकीट घालायचा आणि कुठली वस्तू कुठल्या खिशात आहे हे शोधता शोधता मासा निघून जायचा. मर्व्हने जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरला, सगळं सामान त्यावर मांडलं आणि कुबडी छडीसारखी हातात धरून शिकवायला सुरुवात केली. जे सारखं लागतं ते झाकणाजवळ. दोरा कापायची कातर आणि माशाच्या तोंडातून गळ काढायचा चिमटा बाहेर, पट्ट्यालाच अडकवलेला, म्हणजे न बघता हात जातो. माश्यांची डबी मधल्या कप्प्यात, झाकण आपल्याकडे करून. पिसं आणि धागा गुंडाळून केलेल्या त्या खोट्या माश्या, त्यांना पाण्यावर तरंगत ठेवायचं मलम उजवीकडे, कारण पाणी थंड असतं आणि डाव्या हाताची बोटं आधी बधिर होतात. पाण्याची बाटली खाली आडवी, म्हणजे वाकलं तर बॅग डोक्यावरून पुढे येत नाही. रेनकोट पाठीकडच्या कप्प्यात, चपटी घडी करून, म्हणजे पाठीला गादी होते.

"रेनकोटाची घडी मोडू नकोस," तो म्हणाला. "पाऊस आलाच तर काढ. मी फार नीट बसवलाय."

इल्मा हो म्हणाली.

दुपारी गोळी घेऊन मर्व्ह घोरायला लागला, तेव्हा तिने बॅग उघडली. पहिल्यांदा दोऱ्याचं रीळ काढलं. काठीच्या जाड दोरीच्या टोकाला हा बारीक, पारदर्शक दोरा लावायचा असतो आणि सगळा भार त्याच्यावरच असतो. तिने वीतभर दोरा ओढून हिसका दिला. शेवईसारखा तुटला. हे रीळ मागचा अख्खा उन्हाळा गाडीच्या काचेमागे उन्हात पडलं होतं, ती स्वतःच त्याला ते फेकून दे म्हणून सांगत होती. मग तिने माश्यांची डबी उघडली. आत गलेलठ्ठ, हिरवे, रबराच्या पायांचे सिकाडा ओळीने बसवलेले होते. सिकाडा किडे इकडे नाताळनंतर, ऐन उन्हाळ्यात, झाडावर किर्र करायला लागतात, नोव्हेंबरात त्यांचा पत्ता नसतो. तळाला चार बारक्या, पाण्यात बुडणाऱ्या माश्या होत्या, हंगामाला अगदी योग्य. तिने चष्मा लावून पाहिलं. चारही माश्यांच्या गळांची टोकं पकडीने मोडलेली होती.

इल्मा खुर्चीवर बसली आणि तोंडावर टॉवेल धरून हसली. राग तिला आलाच नाही. त्याच्या पोटातलं तिला ठाऊक होतं. या भागात दहा पौंडांचा ट्राउट ज्याला मिळाला त्याचं नाव लोक वेगळ्या सुरात घेतात. राविरीला एकदा मिळाला होता. मर्व्हला जन्मभरात मिळाला नव्हता. आता तो सोफ्यावर पडलेला असताना बायकोला मिळाला, तर रोज सकाळी टोस्टला लोणी लावताना तिच्याकडे बघायचं कसं? आपल्या नवऱ्याला आपली एवढी धास्ती वाटते, याचंच इल्माला मनातून बरं वाटलं. असा मान त्याने तिला आजवर दिला नव्हता.

मग तिने आपलं काम केलं. मर्व्हच्या कपाटातलं कोरं रीळ घेतलं, जुनं तिथे ठेवलं. त्याच्या मोज्यांच्या खणात तंबाखूचा एक जुना डबा असे, त्यात त्याने स्वतः बांधलेल्या, कोणाला दाखवायलाही तयार नसलेल्या माश्या होत्या. त्यातल्या चांगल्या पाहून उचलल्या आणि डबीच्या खालच्या ओळीत मोडक्यांच्या जागी बसवल्या. वरचे सिकाडा तसेच राहू दिले, म्हणजे त्याने सहज झाकण उघडलं तर जीव शांत राहावा. रेनकोटाला मात्र हात लावला नाही. घडी खरोखरच छान बसली होती.

ठरल्या दिवशी मर्व्ह कुबड्या टेकत दारापर्यंत आला आणि राविरीची गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिला. राविरी म्हणाला, म्हाताऱ्याचं मन मोठं आहे. इल्मा खिडकीबाहेर बघत राहिली.

बीच नावाच्या झाडांच्या रानातून नदीपर्यंतची वाट ओली होती. एका शेवाळलेल्या उतारावर इल्माचा पाय सटकला आणि ती पाठीवरच्या बॅगेसकट घसरगुंडीसारखी थेट खालच्या वाळूत जाऊन थांबली. लागलं काही नाही. बॅग तेवढी चेपली. राविरीने विचारलं, डबी ठीक आहे ना? तिने चाचपून पाहिली, ठीक होती. वर आभाळ निळंभोर होतं.

सकाळ मात्र फुकट गेली. पहिला मासा तिची सावली पाहूनच पसार झाला. दुसऱ्यासाठी राविरीने तिच्या दोऱ्याला जोडी बांधून दिली: वर एक लठ्ठ सिकाडा, तरंगून खूण दाखवायला, आणि त्याच्याखाली हातभर दोऱ्यावर मर्व्हची बारकी माशी. मासा आला, त्याने बारकी माशी तोंडात घेतली, आणि इल्माने घाईने काठी उचलली. माशी त्याच्या तोंडातून निसटली. मोठा ट्राउट सावकाश तोंड मिटतो, तेवढा दम धरायचा असतो. मर्व्हने तिला सांगितलं होतं, मनात काहीतरी म्हण आणि मग काठी उचल. ती बसचे थांबे म्हणायची: चर्च, दुधाची डेअरी, पूल. या वेळी ती चर्चपाशीच अडखळली होती. पुढच्या फेकीला बारकी माशी झाडात अडकून तुटली आणि दोऱ्यावर एकटा सिकाडा लोंबत राहिला. तो बदलू म्हणेपर्यंत भूक लागली.

सँडविच काढायला इल्माने पाठीकडचा कप्पा उघडला आणि तिचा हात काहीतरी गिळगिळीत, पिवळ्या चिखलात गेला. तो रेनकोटाच्या घडीतून हळूहळू झिरपत सगळीकडे पसरला होता: सँडविचच्या कागदावर, माश्यांच्या डबीवर, मलमाच्या बाटलीवर. तिने बोटं नाकाशी नेली.

राविरीने वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

"केळं?" तो म्हणाला.

"केळंच."

राविरीने टोपी काढून छातीशी धरली. मासे पकडायला जाताना केळं जवळ असलं की मासा मिळत नाही, हे त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं होतं. त्याने एकदा एका पाहुण्याला गाडीतून उतरवून, रस्त्यावर उभं राहून केळं संपवायला लावलं होतं, आणि सालही गाडीत आणू दिलं नव्हतं.

"मी सगळं तपासलं होतं," इल्मा म्हणाली.

"रेनकोट झटकला होतास?"

"नाही. घडी मोडू नको म्हणाला होता."

"तिथेच हरलीस बाई," राविरी म्हणाला, आणि मग त्याला हसू आवरेना. त्याला दगडावर बसावं लागलं. सकाळी आपण त्या माणसाच्या मोठ्या मनाबद्दल काय बोललो हे त्याला आठवत होतं.

इल्माने बॅग उलटी करून सगळं सामान दगडांवर मांडलं आणि एकेक वस्तू धुवायला सुरुवात केली. तेवढ्यात नेच्यांतून एक वेका बाहेर आला. कोंबडीएवढा, तपकिरी, उडता न येणारा हा पक्षी. तपासणीला आलेल्या साहेबासारखा मान पुढेमागे करत चालतो आणि जे आवडेल ते उचलतो. तंबूच्या खुंट्या नेतो, चमचे नेतो, एकाची तर दातांची कवळी नेली होती. याने दगडावरचं सामान एका नजरेत पाहिलं, केळं माखलेली माश्यांची डबी पसंत केली, चोचीत कडेने धरली आणि पळाला.

इल्मा ओली बाही घेऊन त्याच्यामागे धावली. त्याला हाकलायला शेजारची गळाची काठी उचलली होती, ती हातात तशीच राहिली. राविरी तिच्यामागे धावला, पण पोट सांभाळत. वेका नेच्यांत शिरला, ओंडक्याखालून निघाला, मध्येच डबी खाली ठेवून चोच मारायचा, आणि दोघं जवळ आली की पुन्हा उचलायचा. एकदा तर तो उगीचच थांबून राविरीची वाट बघतोय असं वाटलं. तलवारीसारखी पाती असलेल्या हाराकेकेच्या दाट जाळीत तो घुसला, इल्मा त्याच्यामागे घुसली, आणि बाहेर आली ती एका अशा जागी, जी तिने कधी पाहिली नव्हती. राविरीनेही नव्हती, आणि तो इथे जवान असल्यापासून येत होता.

मोठ्या नदीला मागून येऊन मिळणारा झऱ्याचा ओढा होता तो. बाहेरून फक्त हाराकेकेची भिंत दिसायची. आत काचेसारखं पाणी, संथ, पांढऱ्या वाळूवरून सरकणारं. वेकाने डबी पाण्यावर आडव्या पडलेल्या ओंडक्यावर ठेवली, एक चोच मारली, आणि डबी घसरून पाण्यात पडली. ती बुडाली नाही. होडीसारखी हळूहळू गिरकी घेत डोहाकडे निघाली.

इल्मा पाण्यात पाय टाकणार, इतक्यात राविरीने तिचं मनगट धरलं.

डोहाच्या तळाशी एक काळपट ओंडका होता. तो वर यायला लागला. त्याला शेपूट होतं. डबीखाली येऊन तो थांबला, तिच्याबरोबर थोडा मागे मागे सरकला, नाक तिला लावतोय की काय असं वाटलं, आणि मग नाराज झाल्यासारखा परत खाली जाऊन बसला.

"हलू नकोस," राविरी पुटपुटला. "डबी जाऊ दे. दोऱ्याला काय आहे?"

"सिकाडा."

"नोव्हेंबरात?"

"तुझ्याकडे आहे दुसरं काही?"

राविरीची बॅग दगडांजवळ राहिली होती. त्याने तिला मान हलवून जा म्हणून खुणावलं.

पहिली फेक तोकडी पडली. दुसरी जास्त लांब गेली आणि सिकाडा हाराकेकेच्या एका पात्यावर जाऊन बसला. इल्माने दोरी अगदी हलकेच ओढली. सिकाडा पात्यावरून घरंगळला आणि पाण्यात पडला. टपकन, जाड, बावळट आवाज करून. कुठल्याही पुस्तकात असं टाकायला सांगितलेलं नाही.

काळा ओंडका पुन्हा वर आला. घाई अजिबात नाही. त्याने पांढरं तोंड उघडलं आणि सिकाडा आत गेला. चर्च, इल्माने मनात म्हटलं. दुधाची डेअरी. राविरी तिच्या मागे काहीतरी कण्हत होता. पूल. तिने काठी उचलली.

पुढचं तिला नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. काठीवरचं रीळ किंचाळत होतं. मासा ओढ्यातून थेट मोठ्या नदीत गेला आणि ती हाराकेकेतून, गालावर ओरखडे घेत, काठी डोक्यावर धरून त्याच्यामागे गेली. कमरेपर्यंत पाण्यात होती हे तिला बाहेर आल्यावर कळलं. कोरा दोरा तारेसारखा ताणला होता आणि तो तुटला नाही. वाळूच्या पट्ट्यापाशी मासा एकदाचा कुशीवर झाला, आणि राविरीने गुडघे टेकून पाठीला अडकवलेलं जाळं त्याच्याखाली सारलं. जाळ्याच्या दांड्यात वजनाचा काटा होता. राविरीने तो दोनदा वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला.

"अकरा," तो म्हणाला. "अकराला केसभर कमी."

इल्मा माशावर वाकली. पितळी अंग, त्यावर मिरीएवढे काळे ठिपके, खालचा जबडा आकड्यासारखा वळलेला. राविरीने फोन काढला. तिने त्याला सांगितलं, मागचं काही येऊ देऊ नकोस, फक्त मी आणि मासा. त्याला लगेच कळलं. मग तिने माशाला दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरलं. बऱ्याच वेळाने त्याने शेपूट हलवलं आणि तिच्या बोटांमधून निघून गेला.

माश्यांची डबी खालच्या अंगाला लव्हाळ्यात अडकलेली सापडली. दगडांपाशी परतली तेव्हा वेकाने रेनकोट चाटूनपुसून स्वच्छ केला होता आणि दोघांची सँडविचही नेली होती.

घरी मर्व्हने स्वतः चहा केला होता. बेकरीतून स्कोन मागवून बशीत मांडले होते. हे पाहिल्यावर गुन्ह्याबद्दल काही शंकाच उरली नाही. इल्मा हात धुऊन बसली आणि बॅगेची तारीफ करू लागली. काय भरली होतीस, म्हणाली, प्रत्येक वस्तू हाताशी. चिमटा कुठे, मलम कुठे, शोधावं लागलं नाही. पाठीला गादी तर इतकी मऊ. मर्व्ह चहा ढवळत राहिला. साखर तो घेत नसे.

"मिळालं का काही?" शेवटी त्याने विचारलं.

"एक."

"बरा होता?"

तिने फोन त्याच्यापुढे ठेवला. मर्व्हने बघितलं. चमचा कपात तसाच राहिला. मग त्याने फार सावकाश विचारलं, "पाऊस लागला का गं? रेनकोट वगैरे?"

तेव्हा इल्माने त्याला सगळं सांगितलं. मोडलेल्या गळांपासून, मोज्यांच्या खणापासून, वेकाच्या मागे धावणाऱ्या राविरीपर्यंत. मर्व्ह आधी लाल झाला, मग तंबाखूच्या डब्याचं ऐकून चिडला, आणि डबीखाली मासा आला त्या ठिकाणी हसायला लागला तो गुडघा ठणकेपर्यंत हसला. म्हणजे, तो डोळे पुसत म्हणाला, हा मासा एका अर्थी माझाच. इल्मा म्हणाली, वजन माझं, केळं तुझं.

"आणि हा ओढा आहे कुठे?"

"नदीवर," इल्मा म्हणाली आणि तिने स्कोन उचलला.

तिथून मर्व्हचं नवं आयुष्य सुरू झालं. राविरीला त्याने चहाला बोलावून पाहिलं, बिअरला बोलावून पाहिलं. राविरीने इल्माला शब्द दिला होता आणि तो हवापाण्याबद्दल बोलत राहिला. मर्व्हने भिंग घेऊन तो फोटो तासन्‌तास पाहिला. कोपऱ्यात अंगठ्याएवढी वाळू दिसत होती, तिच्यावरून त्याने तीन वेगवेगळ्या जागा काढल्या आणि तिन्ही चुकल्या. इल्मा एवढंच म्हणायची, की पाय धड झाले की दाखवीन. आजवर फिजिओथेरपीवालीला टाळणारा हा माणूस आता तिची वाट बघत दारात उभा राहायला लागला. सांगितलेले व्यायाम दुप्पट करायचा, स्वयंपाकघरात ओट्याला धरून उठाबशा काढायचा. ती बाई इल्माला म्हणाली, या वयात एवढी जिद्द मी पाहिली नाही, काय खायला घालता?

जानेवारीच्या शेवटी, रानात सिकाडांनी कान किटवलेले असताना, तिघं हाराकेकेच्या भिंतीपाशी पोचली. मर्व्ह पडत-झडत, पण स्वतःच्या पायांनी आला होता. इल्माने पाती बाजूला केली. आत शिरल्यावर त्याने डोह न्याहाळला. मासा तिथेच होता, डोहाच्या तळाशी, तोच किंवा त्याचा भाऊ.

मर्व्हची फेक सुरेख पडली. मासा वर आला, त्याने तोंड उघडलं, आणि जन्मभर दुसऱ्यांना दम धरायला शिकवणाऱ्या मर्व्हने काठी अशी खेचली की सिकाडा माशाच्या तोंडासमोरून उडून त्याच्याच टोपीत येऊन रुतला. पाण्यावर एक मोठं वर्तुळ उमटलं आणि विरलं.

मर्व्ह वळला आणि राविरीवर तुटून पडला. नेमका त्याच क्षणी कोणी खोकतं का, म्हणाला. राविरीने शपथेवर सांगितलं, मी खोकलोच नाही. मर्व्हने बायकोकडे पाहिलं. त्याच्या टोपीवर रबराचे हिरवे पाय हलत होते.

"खोकला," इल्मा म्हणाली. "मी ऐकलं."